रेचल कार्सन: डीडीटी, आईचं दूध आणि पोटातल्या बाळाचा प्रश्न



या साइटवर आपण एरवी फोन, ॲप्स, बॅटरी, नेटवर्क असल्या गोष्टी सोप्या करून सांगतो. आज एका बाईंची गोष्ट सांगणार आहे, पण ती टेक्नॉलॉजीचीच गोष्ट आहे. फक्त ही टेक्नॉलॉजी खिशात मावत नाही, बाटलीत मिळते आणि पंपाने फवारतात.

आधी मी या विषयाकडे कसा आलो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात शेतीचं ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. माझ्याकडे फवारणी रिमाइंडरचं फीचर होतं. शेतकऱ्याने पीक, पेरणीची तारीख, किती एकर आणि कोणती कीड एवढं भरायचं. मग ॲप सांगणार की कोणतं औषध, १५ लिटरच्या पंपाला किती मिली, आणि कधी. मी मोठ्या कौतुकाने ते दादाच्या फोनवर टाकून दिलं होतं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, शेती कापसाची.

पोळ्याला घरी गेलो तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. सकाळी माझ्याच ॲपचं नोटिफिकेशन वाजलं, दादाने पंप काढला आणि वहिनी सवयीने ड्रममध्ये काठीने औषध ढवळायला लागली. संध्याकाळी दादाचे ओले कपडे तिनेच हाताने धुतले, घरातल्या बाकीच्या कपड्यांसोबत. रात्री जेवताना तिने सहज विचारलं की भाऊजी, पोटात बाळ असताना हे औषध चालतं का, तुमच्या ॲपमध्ये लिहिलंय का कुठे?

मी लॅपटॉप उघडून माझाच फॉर्म पाहिला. पीक होतं, एकर होते, कीड होती, पंपाचं माप होतं. घरात कोण कोण आहे हा कॉलमच नव्हता. मला तो कधी सुचलाही नव्हता.

आमच्या जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. तेव्हापासून मास्क, हातमोजे यावर बरंच बोललं जातं. पण ते सगळं बोलणं ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याच्याबद्दल असतं. वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी ज्या नावापाशी पोचलो ते होतं रेचल कार्सन. १९६४ मध्ये वारलेल्या अमेरिकन लेखिका. नाव ऐकलं होतं, पर्यावरणाच्या पेपरात दोन मार्कांना. बाकी काही माहीत नव्हतं.

सरकारी नोकरीत एक्सप्लेनर लिहिणारी मुलगी

रेचल जन्मली २७ मे १९०७ ला, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल या गावी. घरची थोडी जमीन होती, पैसा फारसा नव्हता. आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होती. ती मुलीला घेऊन रानात हिंडायची, पक्षी आणि किडे दाखवायची. रेचलला लिहायचा नाद लहानपणीच लागला. अकराव्या वर्षी तिची गोष्ट मुलांच्या एका मोठ्या मासिकात छापून आली. १९२५ मध्ये ती कॉलेजला गेली ती इंग्रजी साहित्य घेऊन, पण मध्येच एका चांगल्या शिक्षिकेमुळे जीवशास्त्राकडे वळली. त्या काळात मुलीने असं करणं म्हणजे आपल्याकडे कोणी प्लेसमेंट लागलेली असताना ब्रँच बदलण्यासारखं होतं. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एमए झाली. पीएचडी करायची होती, पण घर चालवायला पैसे हवे होते, म्हणून ती सोडली. १९३५ मध्ये वडील वारले.

मग सरकारच्या मत्स्य खात्यात काम मिळालं. काम काय, तर 'रोमान्स अंडर द वॉटर्स' या रेडिओ मालिकेसाठी सात-सात मिनिटांचे ५२ भाग लिहायचे. माशांबद्दल, सामान्य माणसाला कळेल आणि कंटाळा येणार नाही असं. म्हणजे बघा, त्या आपल्यासारखे एक्सप्लेनरच लिहायच्या. पुढच्या वर्षी त्या तिथेच पूर्णवेळ जीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. त्या खात्यात अशा पदावर घेतलेल्या त्या फक्त दुसऱ्या बाई होत्या.

१९३७ मध्ये मोठी बहीण वारली आणि तिच्या दोन मुली रेचल आणि आईकडे आल्या. पुढे आयुष्यभर हेच चाललं. दिवसा नोकरी, रात्री लिखाण, आणि घरात सांभाळायला कोणी ना कोणी. समुद्रावरचं त्यांचं 'द सी अराउंड अस' हे पुस्तक १९५१ मध्ये आलं आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत ८६ आठवडे राहिलं. तेव्हा कुठे १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९५७ मध्ये त्या दोन भाच्यांपैकी एक वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला रेचलनी दत्तक घेतलं. त्यांचं वय तेव्हा ४९ होतं, लग्न झालेलं नव्हतं, आणि म्हातारी आईही त्यांच्याकडेच होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डीडीटी वाईट होतं का?

इथे थोडं थांबून टेक्नॉलॉजी समजून घेऊ, कारण डीडीटीला सरळ व्हिलन ठरवणं खोटं होईल.

डीडीटी किडे मारतं हे स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांना १९३९ मध्ये सापडलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या नेपल्स शहरात टायफसची साथ आली, तेव्हा लोकांच्या अंगावर डीडीटीची पावडर मारून उवा मारल्या आणि साथ आटोक्यात आणली. म्युलरना १९४८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला मलेरियाचे साडेसात कोटी रुग्ण होत असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घराघरात डीडीटी मारलं गेलं, आणि १९६५ पर्यंत हा आकडा लाखाच्या आसपास आला. तुमच्या आजीला विचारा, भिंतीवर पांढरे डाग पाडून जाणारे फवारणीवाले तिला आठवत असतील. रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यातही डीडीटी बनत असे.

मग अडचण काय होती? अडचण अशी की डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण चरबीत सहज विरघळतं आणि लवकर मोडत नाही. फोनमध्ये एखादं ॲप रोज थोडी कॅशे साठवतं आणि क्लिअरचं बटणच नसतं, तसं समजा. रोजचा डेटा किरकोळ, पण मेमरी भरत जाते. गाईने फवारलेला चारा खाल्ला की तिच्या चरबीत डीडीटी, तिथून दुधात, तिथून लोण्यात. कार्सन यांनी पुस्तकात दिलेले आकडे असे आहेत: चाऱ्यात दहा लाख भागांत ७ ते ८ भाग, दुधात ३, आणि त्याच दुधाच्या लोण्यात ६५ पर्यंत. लोणी म्हणजे चरबीच, त्यामुळे तिथे आकडा उडी मारतो.

१९४५ मध्येच, म्हणजे सगळं जग डीडीटीचं कौतुक करत असताना, कार्सन यांनी त्यावर लेख लिहायची तयारी रीडर्स डायजेस्टला कळवली होती. त्यांच्याच खात्यातले सहकारी डीडीटीचे प्राण्यांवरचे परिणाम तपासत होते. मासिकाला विषय नको होता. त्या पुन्हा समुद्राकडे वळल्या आणि तेरा वर्षं गेली.

एक पत्र

जानेवारी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ओल्गा ओवेन्स हकिन्स या ओळखीच्या बाईंचं पत्र आलं. डासांसाठी विमानातून डीडीटी फवारलं होतं आणि त्यांच्या आवारातले पक्षी मरून पडले होते. कार्सन यांनी आधी दुसऱ्या कोणी यावर लिहावं म्हणून प्रयत्न केला. ते जमलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतः हातात घेतलं. एक लेख लिहायचा होता, त्यात साडेचार वर्षं गेली.

त्यांची पद्धत मला फार आवडली. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी एकही नवा प्रयोग केला नाही. वेगवेगळ्या खात्यांत, विद्यापीठांत, हॉस्पिटलांत पडून असलेले निष्कर्ष त्यांनी पत्रं लिहून, फोन करून, लायब्ररीत बसून गोळा केले आणि एकमेकांना जोडले. पक्ष्यांचा माणूस डॉक्टरांचे पेपर वाचत नव्हता आणि डॉक्टर पक्ष्यांचे. सगळा डेटा होता, पण वेगवेगळ्या सर्व्हरवर, आणि कोणी जॉइन क्वेरीच चालवली नव्हती. पुस्तकाच्या शेवटी पन्नासहून जास्त पानं फक्त संदर्भांची आहेत.

त्या जोडणीतून काय दिसलं? कॅलिफोर्नियातलं क्लिअर लेक घ्या. तिथे चिलटांसारख्या किड्यांचा त्रास होता म्हणून १९४९ पासून तीन वेळा डीडीटीचा सख्खा भाऊ डीडीडी पाण्यात सोडला, तोही अगदी पातळ करून. पाण्यात प्रमाण दहा लाखात ०.०२ भाग. सूक्ष्म जीवांत ते ५ झालं, मासे खाणाऱ्या ग्रीब नावाच्या पाणपक्ष्यांच्या चरबीत १६००. म्हणजे ८० हजार पट. ग्रीबच्या सुमारे हजार जोड्या होत्या, १९६० मध्ये ३० च्या आसपास उरल्या. आणि उरलेल्या जोड्या घरटी बांधत होत्या, पण शेवटच्या फवारणीनंतर तळ्यात एकही पिल्लू दिसलं नव्हतं.

मिशिगनमधल्या रॉबिन पक्ष्यांचंही तेच. एल्म झाडांवर डीडीटी, पानं गळून मातीत, माती गांडुळात, गांडूळ रॉबिनच्या पोटात. काही पक्षी मेले. जे जगले त्यांची अंडी उबेनात. लाव्यांना कमी प्रमाणात डीडीटी खाऊ घालून केलेल्या प्रयोगांत लावे ठणठणीत राहिले, अंडी नेहमीसारखी घातली, पण त्यातून फार थोडी पिल्लं बाहेर आली.

मी हे वाचताना दोनदा थांबलो. आई ठणठणीत. पिल्लू नाही.

आपल्याकडे औषधाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो ना, लाल, पिवळा, निळा, हिरवा? तो रंग ठरतो तो औषधाचा किती डोस दिल्यावर प्रयोगातले अर्धे प्राणी मरतात त्यावरून. लाल म्हणजे थोड्यातच मरतात, हिरवा म्हणजे बराच डोस लागतो. म्हणजे तो रंग फक्त क्रॅश मोजतो. गाभण प्राण्याच्या पिल्लाचं काय झालं हे त्या रंगात नसतं. आमच्याकडे हिरवा चौकोन असला की लोक हात न धुता तंबाखू मळतात.

वार ही भिंत नाही

आता कार्सन यांच्या मूळ मुद्द्याकडे. त्या काळी डॉक्टरांसकट बहुतेकांचा समज असा की आई आणि बाळाच्या मधली वार, म्हणजे प्लॅसेंटा, ही पक्की फायरवॉल आहे. आईला काही झालं तरी आतलं बाळ सुरक्षित.

प्रत्यक्षात वारेचं काम आहे ऑक्सिजन आणि अन्न आत सोडणं, कचरा बाहेर नेणं. छोटे आणि चरबीत विरघळणारे रेणू तिच्यातून आरामात जातात. ढोबळ नियम असा की रेणूभार ५०० च्या आत असेल आणि रेणू चरबीत विरघळत असेल तर तो पलीकडे पोचतो. डीडीटीचा रेणूभार साधारण ३५४. क्लोरपायरीफॉसचा ३५०. हे दुसरं नाव तुम्ही वाळवीच्या औषधाच्या बाटलीवर वाचलं असेल.

कार्सन यांनी पुस्तकात दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या. एक, सरकारी शास्त्रज्ञांनी तपासलेल्या आयांच्या दुधात कीटकनाशकांचे अंश सापडले होते. दोन, प्राण्यांवरच्या प्रयोगांत या क्लोरीनवाल्या औषधांनी वार सहज ओलांडली होती. म्हणजे अंगावर पिणारं बाळ रोज थोडं घेतंय, आणि बहुधा त्याची सुरुवात जन्माआधीच झालेली आहे. प्रमाण कमी असेल, पण लहान बाळाचं शरीर विषाला जास्त लवकर बळी पडतं, आणि हे साठणं पहिल्या दिवसापासून सुरू होतं. माणसाच्या बाळाला नेमकं काय होतं याचा पुरावा तेव्हा नव्हता, आणि असल्याचा आव त्यांनी आणला नाही. त्या एवढंच म्हणत होत्या की हे कोणी तपासलेलंच नाही आणि तरीही विमानातून गावावर फवारलं जातंय, कोणाला न विचारता.

'सायलेंट स्प्रिंग' आधी न्यूयॉर्कर मासिकात जून १९६२ मध्ये यायला लागलं आणि पुस्तक २७ सप्टेंबरला आलं. या दोन तारखांच्या मध्ये, जुलैत, अमेरिकेत थॅलिडोमाइडची बातमी फुटली. उलटी-मळमळ आणि झोपेसाठी गरोदर बायकांना दिलेलं हे औषध युरोपात हजारो बाळांचे हात-पाय घेऊन गेलं होतं. अमेरिकेत ते विक्रीला आलं नाही, कारण औषध खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा आहे म्हणत परवानगी अडवून धरली होती. पेपरात त्या बाळांचे फोटो आले आणि वार ही भिंत आहे हा समज सामान्य माणसाच्या डोक्यातूनही गेला. सप्टेंबरमध्ये कार्सन यांचं पुस्तक हातात घेणारी आई हे सगळं आधीच वाचून बसली होती.

लपवलेला आजार

पुस्तक लिहिलं जात असताना घरात काय चाललं होतं ते बघा. डिसेंबर १९५८ मध्ये आई गेली. रॉजर लहान, सारखा आजारी. एप्रिल १९६० मध्ये कार्सन यांच्या स्तनाची मोठी शस्त्रक्रिया झाली. गाठ कॅन्सरची आहे हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलंच नाही. ते डिसेंबरमध्ये कळलं, जेव्हा आजार पसरला होता. मग रेडिएशन. मधल्या काळात डोळे इतके सुजले की कित्येक आठवडे वाचता येईना, सहायक मोठ्याने वाचून दाखवायची आणि त्या ऐकून दुरुस्त्या सांगायच्या.

आणि हे सगळं त्यांनी जगापासून लपवलं. कारण साधं होतं. पुस्तकात रसायनं आणि कॅन्सर यावर प्रकरण होतं. बाईला स्वतःला कॅन्सर आहे म्हटल्यावर कंपन्या म्हणणार की हा पुरावा नाही, हा राग आहे. त्यामुळे त्या टीव्हीवर, भाषणांत, कमिटीसमोर तब्येत उत्तम असल्यासारख्या उभ्या राहिल्या. (त्यांना झालेला कॅन्सर कीटकनाशकांमुळे होता असं म्हणायला काहीही आधार नाही. व्हॉट्सॲपवर असं काही आलं तर पुढे पाठवू नका.)

कंपन्यांनी काय करायचं ते केलं. वेल्सिकॉल या रसायन कंपनीने पुस्तक यायच्या आधीच प्रकाशकाला कोर्टाची धमकी दिली. अमेरिकन सायनामिडचे रॉबर्ट व्हाइट-स्टीव्हन्स टीव्हीवर सांगत फिरले की हिचं ऐकलं तर किडे आणि रोगराईचं राज्य येईल. बाई हळवी आहे, मांजरं पाळते, शास्त्रज्ञ कसली, हे तर होतंच. लग्न न झालेल्या बाईला पुढच्या पिढ्यांची एवढी कसली काळजी, असा टोमणाही मारला गेल्याचं सांगतात. वरती रॉजरबद्दल लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी.

खरं तर कार्सन यांनी सगळ्या कीटकनाशकांवर बंदी मागितलीच नव्हती. कमी वापरा, बघून वापरा, दुसरे उपाय शोधा, आणि लोकांना विचारा, एवढं म्हणणं होतं. डीडीटीच्या अतिवापराने डास त्याला दाद देईनासे होतील हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि तसंच झालं. भारतातही १९७६ मध्ये मलेरियाचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. त्यामागे मोहिमेतल्या ढिलाईसारखी कारणंही होती, पण डीडीटीला न जुमानणारे डास हे एक मोठं कारण होतं. आता पुस्तकातलं सगळंच आज टिकतं असं नाही. कॅन्सरच्या प्रकरणात त्यांनी त्या काळच्या काही शास्त्रज्ञांच्या मतांवर जरा जास्तच भरवसा ठेवला, असं माझं मत झालं.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल मे १९६३ मध्ये आला आणि त्याने कार्सन यांचं म्हणणं मोठ्या प्रमाणात उचलून धरलं. ४ जूनला त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. तेव्हा कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता, चालणं जड जात होतं. १४ एप्रिल १९६४ ला, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्या गेल्या. रॉजर बारा वर्षांचा होता. अमेरिकेने शेतीतल्या डीडीटीवर बंदी घातली १९७२ मध्ये, भारताने १९८९ मध्ये.

फ्रीजरमधल्या नळ्या

आता या गोष्टीतला मला सर्वात थरारक वाटलेला भाग, आणि तो कार्सन यांना कधीच कळला नाही.

त्या पुस्तक लिहीत होत्या त्याच वर्षांत, १९५९ ते १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या १२ केंद्रांवर गरोदर बायकांची एक प्रचंड पाहणी चालू होती. मुलांमधले मेंदूचे आजार का होतात ते शोधायला. त्यात प्रत्येकीचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. डीडीटीशी त्याचा काही संबंध नव्हता. नळ्या फ्रीजरमध्ये पडून राहिल्या.

पुढे मशीन्स सुधारली. जेम्स लवलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर बनवला होता. क्लोरीन असलेले रेणू इलेक्ट्रॉन चटकन पकडतात, त्यामुळे करंट कमी होतो, आणि किती कमी झाला यावरून अगदी अब्जांश भागातलं डीडीटीसुद्धा मोजता येतं. जवळपास चाळीस वर्षांनी संशोधकांनी त्या जुन्या नळ्या काढल्या आणि २,३८० बाळांच्या आयांच्या रक्तातलं डीडीई मोजलं. डीडीई म्हणजे डीडीटी शरीरात मोडल्यावर उरतं ते. २००१ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला. ज्या आयांच्या रक्तात डीडीई सर्वात जास्त होतं त्यांच्यात दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता, सर्वात कमी असणाऱ्यांच्या मानाने साधारण तिप्पट होती. वजनाने कमी भरणारी बाळंही जास्त होती. एका पाहणीने कारण सिद्ध होत नाही हे खरं. पण विचार करा, ज्या बाळांबद्दल कार्सन काळजी करत होत्या, अक्षरशः त्याच बाळांचा डेटा तेव्हाच गोळा होत होता.

डीडीटी गेलं आणि त्याच्या जागी ऑर्गनोफॉस्फेट आली. ही शरीरात साठत नाहीत, काही दिवसांत निघून जातात, पण मज्जातंतूंचा सिग्नल बंद करणाऱ्या एन्झाइमलाच ती अडवतात. म्हणजे सिग्नल चालूच राहतो. मोठ्या माणसाच्या रक्तात यातली काही औषधं मोडून काढणारं दुसरं एक एन्झाइम असतं. नवजात बाळात ते फार कमी असतं. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात १९९९-२००० मध्ये ६०१ गरोदर बायका, बहुतेक मेक्सिकन शेतमजूर कुटुंबांतल्या, एका अभ्यासात घेतल्या. त्यांच्या लघवीत या औषधांचे अंश मोजले आणि पुढे मुलांना वर्षानुवर्षं पाहिलं. जास्त अंश असलेल्या आयांची बाळंतपणं थोडी लवकर झाली, नवजात बाळांचे रिफ्लेक्स मंद आढळले, आणि सातव्या वर्षी सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या गटातल्या मुलांच्या बुद्ध्यांकात ७ गुणांचा फरक निघाला.

उलट दिशेचा पुरावाही आहे. न्यूयॉर्कमध्ये घरात झुरळांसाठी क्लोरपायरीफॉस मारायचे. तिथे नाळेच्या रक्तात जेवढं ते जास्त, तेवढं बाळाचं वजन आणि लांबी कमी, असं दिसत होतं. २००१ मध्ये त्याचा घरगुती वापर बंद झाला. त्यानंतर जन्मलेल्या बाळांमध्ये रक्तातलं प्रमाण खूप घटलं आणि वजनाशी असलेलं ते नातंही दिसेनासं झालं.

आपल्या देशात केरळमधल्या कासरगोडचं नाव घ्यावंच लागेल. काजूच्या सरकारी बागांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं, तेही डीडीटीसारखंच क्लोरीनवालं. आजूबाजूच्या गावांत व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांचा प्रश्न तिथल्या लोकांनी लावून धरला. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर एंडोसल्फान थांबवलं, आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला केरळ सरकारला सांगितलं.

वहिनीला मी हे सगळं सांगत बसलो नाही. एवढंच सांगितलं की औषध ढवळायचं नाही, फवारलेल्या वावरात काही दिवस जायचं नाही, आणि ते कपडे धुवायचे नाहीत, आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं की घरात फवारणी चालते. तिच्या डॉक्टरांनी तोवर कधी विचारलं नव्हतं.

ऑफिसात परत आल्यावर मी तिकीट टाकलं: फॉर्ममध्ये घरात गरोदर बाई किंवा लहान बाळ आहे का हा प्रश्न टाकावा, आणि असेल तर सूचना दाखवावी. मीटिंगमध्ये विचारलं गेलं की यामुळे ऑर्डर कमी होतील का. मी म्हटलं माहीत नाही. तिकीट लो प्रायॉरिटीत गेलं, आणि मी ती नोकरी सोडली तेव्हाही तिथेच होतं.

पुतणी नवव्या महिन्यात, दिवस भरून झाली. दादा आता फवारणीचे कपडे शेतावरच वेगळ्या बादलीत स्वतः धुतो आणि घरी यायच्या आधी आंघोळ करतो. पंप आणि बाटल्या स्वयंपाकघरामागच्या कोनाड्यातून निघून गोठ्याच्या पलीकडे कुलपात गेल्या. शेजारच्या वावरातले लोक बरेच दिवस त्याला हसत होते की बायकोचं काम करतो. मागच्या खेपेला गेलो तर त्यांच्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं की त्याच्या सुनेला तिसरा लागलाय, तर कपड्यांचं नेमकं कसं करायचं.